शांतता ऐकवणारे साडू

शांततेसाठी इतका आरडाओरडा करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. हे आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं धान्याचं आडत दुकान आहे. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि आवाज असा की दुकानात बसून हमालाला हाक मारली तर चार दुकानं पलीकडचं गिऱ्हाईकही दचकून "आलो, आलो" म्हणतं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते मला "पाव्हणं" म्हणतात. मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे मला नकाशाबाहेरचं काही कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि ती खोडून काढायला मला आजवर जमलेलं नाही.

अण्णांचा सगळा कारभार कानावर. मालात ओल किती हे सांगणारं यंत्र मोंढ्यात येऊन जमाना झाला, पण अण्णा अजून पोत्यात हात घालतात, मूठभर सोयाबीन काढतात, कानाशी नेऊन हलवतात आणि निकाल देतात. कोरडा दाणा मुठीत खुळखुळतो, ओला गप्प बसतो, असं त्यांचं शास्त्र. मागाहून यंत्र लावलं की तोच आकडा निघायचा. एकदा यंत्राने वेगळा आकडा दाखवला तेव्हा लोकांनी यंत्र दुरुस्तीला पाठवलं. "अण्णांचा कान" हा मोंढ्यात शेवटचा शब्द होता, आणि अण्णांना आपल्या दुकानापेक्षा, जमिनीपेक्षा आणि (अक्का म्हणतात त्याप्रमाणे) बायकोपेक्षाही या कानाचा अभिमान जास्त.

अशा कानाला शोभेल असं काहीतरी घरात हवं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी हैदराबादहून एक परदेशी पावर अॅम्प्लिफायर आणवला. गाणं वाजवणारं यंत्र वेगळं, आवाज फेकणारे कपाटाएवढे दोन स्पीकर वेगळे, आणि मधोमध त्यांना ताकद पुरवणारी ही काळी लोखंडी पेटी. पेटी घरी नेण्याआधी दुकानात आणून वजनकाट्यावर चढवली गेली, कारण न तोलता घेतलेली वस्तू अण्णांच्या घरात येत नाही. ती जवळजवळ अर्ध्या पोत्याची भरली. "माल भरीव हाय," अण्णा म्हणाले, आणि मगच चार हमालांनी ती उचलली. तेव्हापासून तिचं नाव "पावर". "पावर तापून राहिलाय", "पावरला वारा लागू द्या", असं तिच्याबद्दल घरच्या जावयासारखं बोललं जातं. पावर चालू झाला की गल्लीतल्या सगळ्या ट्यूबलाइटी एकदा डोळा मारतात. तो तापतोही भलता. हिवाळ्यात अक्का त्याच्यावर विरजणाचं पातेलं ठेवतात, आणि दही असं लागतं की सुरीने कापावं. दह्यासाठी एवढी परदेशी चूल ठेवणारं घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा तो ऐकायला गेलो तेव्हा मला वाटलं, आता एखादं झकास गाणं लागणार. अण्णांनी मला दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसवलं, खटका दाबला आणि ओठांवर बोट ठेवून ओरडले, "सुम्म!" कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळे उदगिरात माणसाला गप्प कानडीतून करतात.

मी गप्प बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही.

"काय ऐकू येतंय?" अण्णांनी विचारलं.

"पंखा," मी म्हणालो.

पंखा बंद झाला. मग मला कुकर ऐकू आला. अण्णांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून असा पुकारा केला की अक्कांनी कुकरच काय, गॅसही बंद केला. मग गल्लीतली मोटारसायकल ऐकू आली. अण्णांनी खिडकीतून त्या माणसाला झापलं, तो बिचारा गाडी ढकलत गेला. मी पुन्हा डोळे मिटले, कान टवकारले, सगळी खोली चाचपून आल्यासारखं ऐकलं आणि भीत भीत म्हणालो, "अण्णा, आता मात्र काहीच ऐकू येत नाही."

"हाव!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "ह्येच तर ऐकवायचं हुतं! साधा माल असता तर गाणं लावायच्या आदीच घूं केला असता. ह्यो खानदानी हाय. बोलायचं नसलं तर तोंड उघडत न्हाई."

"मग गाणं?"

"गाणं काय, कुटंबी ऐकाया मिळतं!"

येणाऱ्या प्रत्येकाला अण्णांनी ही शांतता ऐकवली. सोयरे, व्यापारी, जंगम स्वामी, एकदा तर गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूसही खांद्यावरचं सिलिंडर न उतरवता शांतता ऐकून गेला. कधीमधी गाणं लागायचंही, पण अर्ध्यातच थांबायचं. "गाणारा पान खाऊन बसलाय. डाव्या गालात," असा शोध लावून अण्णा जे समाधानाने मागे टेकायचे, की पुढचं गाणं ऐकायची कोणाची छाती होत नसे.

गेल्या वर्षी मात्र दसऱ्याच्या महिनाभर आधी नवं सोयाबीन मोंढ्यात आलं आणि अण्णांचा कान चुकला. त्यांनी मूठ हलवून माल ओला ठरवला आणि यंत्राने ठणठणीत कोरडा दाखवला. आठवड्याभरात पुन्हा तेच झालं. या वेळी कोणी यंत्र दुरुस्तीला पाठवलं नाही. कोणी काही बोललंही नाही, आणि तेच अण्णांना फार लागलं. अक्कांनी कानात घालायच्या यंत्राचं नाव काढलं तर म्हणाले, "घरात येवढा मोठा पावर असून कानात शेंगदाण्यायेवढं यंत्र घालू? गाव हसंल." त्यानंतर ते मोंढ्यात मूठ कानाशी नेईनासे झाले. घरी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला शांतता ऐकवणं दुपटीने वाढलं.

त्यातच खंडेनवमी आली. दुकानातला वजनकाटा, मापं, चोपड्या यांच्याबरोबर अण्णांनी घरी येऊन पावरचीही पूजा मांडली. भस्माचे तीन पट्टे ओढले, फूल वाहिलं, नारळ फोडला, आणि तांब्यातलं उरलेलं सगळं नारळाचं पाणी पेटीच्या वरच्या जाळीवर शिंपडलं.

"अवो, आत जाईल की!" अक्का ओरडल्या.

"जाऊ दे. आतून लई तापतंय त्ये. थंडावा नगं का?"

दिवाळीला आम्ही उदगीरला गेलो तेव्हा अक्कांनी मला दारातच बाजूला घेतलं. "पाव्हणं, खंडेनवमीपासून ती पेटी घूं करून राहिलीय. समद्यांना ऐकू येतंय, ह्यांनाच न्हाई. तुमाला इचारतील. काही ऐकू येत न्हाई म्हणा. मोंढ्यात जे झालं ते झालं, घरात तरी त्यांचा कान शाबूत राहू द्या."

दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी मला ठरल्या जागी बसवलं. ट्यूबलाइटींनी डोळा मारला. "सुम्म!" झालं. आणि पेटीतून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला, गाभाऱ्यात भुंगा अडकावा तसा. वरच्या दह्याच्या पातेल्याचं झाकणसुद्धा बारीक थरथरत होतं.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही, अण्णा!" मी ताडकन म्हणालो. "एकदम शांत!"

अण्णांनी मांडीवर थाप मारली नाही. ते वर बघत होते.

"पंखा फिरून राहिलाय," ते म्हणाले. "मागं तुमाला पंखा ऐकू आला, कुकर ऐकू आला, गल्लीतली मोटारसायकल ऐकू आली. आज येका दमात काहीच न्हाई? पाव्हणं, पोतं खाली ठिवायच्या आदीच जो 'वाळलेलं हाय' म्हणतो ना, त्याचा माल वला असतो."

 अक्का दारात येऊन उभ्या होत्या.

"घूं करून राहिलाय न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"समद्यांना ठावं हाय?"

अक्कांनी मान डोलावली. अण्णांनी दह्याचं पातेलं जरा सरकवलं आणि पेटीवर तळहात ठेवला. मालाच्या पोत्यावर ठेवतात तसाच. "हाताला लागतंय," ते हळू म्हणाले. अण्णांना हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं. मला फार वाईट वाटलं. या माणसाला खोटं सांगायला नको होतं, इतकंच सारखं मनात येत राहिलं.

"कसा आवाज हाय? करून दावा की."

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून घूं केलं.

"मोठ्यानं! भूगोलाचा तास हाय का ह्यो?"

मी छाती भरून घूंऽऽ केलं. अक्का पदराने तोंड झाकून हसायला लागल्या. अण्णांनी डोळे मिटून, भुवया आवळून ऐकलं आणि जाणकारासारखी मान हलवली. "भारदस्त हाय. पण डाव्या बाजूनं जरा बारीक येतोय."

"अण्णा," मी म्हणालो, "तो तुमचा डावा कान आहे."

 अण्णांनी पेटीवरचं भस्म पंच्याने पुसलं, पुसता पुसता स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "नांदेडात कानाचा चांगला डाक्टर हाय म्हंता न्हवं? इचारून ठिवा. पर त्याच्या यंत्राला पावर किती, ते आदी इचारा." आणि जरा वेळाने म्हणाले, "तवर ह्या उजव्या कानात करा बगू."

मी उठून त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो आणि पुन्हा घूं केलं. या वेळी मी घाई केली नाही.