मान वर करताना

बुधवारी सकाळी माझे यजमान परसातल्या माडावरून पडले. देवगडला नेताना वाटेत ते गेले.

नारळ मीच मागितला होता. दुसऱ्या दिवशी देवीची ओटी भरायची होती, नारळ काढणारा पाडेली तापाने पडला होता, आणि घरात एकही नारळ शिल्लक नव्हता. "एका नारळाक पाडेली कित्याक होयो?" असे म्हणून ते हसले आणि चढले. मी माजघरात तांदूळ निवडत होते. मोठा आवाज झाला. झावळ पडली असेल, असे मला वाटले. मग शेजारच्या घरातून दिरांची हाक आली.

त्यापुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. सूप हातातून खाली ठेवले की टाकले, ते आठवत नाही. जीपमध्ये त्यांची एक चप्पल माझ्या मांडीवर होती, ती कोणी दिली, तेही आठवत नाही. भेटायला येणाऱ्यांना मी चहा हवा का, असे विचारत होते, आणि त्यांना माझी भीती वाटत होती, हे मला नंतर कळले. डोळ्यांत पाणी आले नाही.

चौथ्या दिवशी पहाटे मी अंथरुणात उजव्या कुशीवर वळले आणि घर फिरले. आढे, भिंती, खिडकी, सगळे एका बाजूला ओढले जाऊ लागले. मी जमीन घट्ट धरली. अर्ध्या-पाऊण मिनिटाने सगळे थांबले, पण उलटी झाली. मिठबावच्या आमच्या वाडीतले लहानसे वाचनालय मी सांभाळते. दिवसकार्य झाल्यावर तिथे गेले, वरच्या फळीवरचे पुस्तक काढायला मान वर केली आणि कपाटासकट खाली आले. परसात माडाकडे बघितले की तेच. डॉक्टरांनी धक्क्यामुळे होते म्हणून गोळ्या दिल्या. त्यांनी नुसती झोप यायची. शेजारीण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "गेलेलो माणूस वरसून बोलवता, दुसरा काय?"

माझे मन त्याहून पुढे गेले होते. नारळ देवीसाठी होता, तिने माझा माणूस घेतला आणि आता मान वर करून मी तिच्याकडे बघूही नये, अशी तिची इच्छा दिसते, असे मी धरून चालले. देव्हाऱ्यातला दिवा लावणे बंद केले. रात्री आरामखुर्चीत बसूनच झोपायचे, म्हणजे वळावे लागत नसे.

दीड महिना असा गेल्यावर मी विहिरीच्या कठड्याशी पडले. वैभववाडीहून माझा भाऊ आला. घराला कुलूप लावायचे आणि मी त्याच्याकडे जायचे, असे त्याने ठरवले. तो चुकत नव्हता. पण ज्या घरात त्यांच्याबरोबर बावीस वर्षे काढली, ते सोडले तर माझ्याकडे त्यांचे काहीच उरणार नव्हते.  दोन दिवसांनी दीर म्हणाले, "वयनी, देवीचो कौल घेवया. ती सांगात तसा." माझा विश्वास उरला नव्हता. त्यांच्या तोंडाकडे बघून मी देवळात गेले.

आमच्याकडे मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणे घातले, ह्या लेकराने आपल्या घरात राहावे असे तुझ्या मनात असेल तर उजवा दे म्हणून. जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. पाकळ्या देवीच्या खांद्यांवर चिकटलेल्या होत्या, म्हणून त्या दिवसानंतर पहिल्यांदा मी मान वर करून तिच्याकडे बघितले. देऊळ फिरले आणि मी आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा एक अनोळखी मुलगी माझ्या तोंडावर वाकून माझ्या डोळ्यांतच बघत होती. कोल्हापूरला फिजिओथेरपिस्ट होती, इथे तिचे आजोळ. नवस फेडायला त्याच दिवशी आली होती. काय केल्यावर फिरते, किती वेळ फिरते, दोन-दोन दिसते का, हातपाय बधिर होतात का, मान दुखते का, असे तिने एकेक विचारले. मग म्हणाली, "काकी, हे मनाचं नाही. कानाचं आहे. डोक्याला मार कधी लागला होता?"

मी नाही म्हटले. दीरही नाही म्हणाले, पडला तो त्यांचा भाऊ, ही घरात होती. तिने माझ्या उजव्या कानामागे केसांत बोटे घातली आणि थांबली. "मग हा व्रण कसला?"

आमच्या पडवीचा वासा खाली आहे. घरातले सगळे तिथे वाकूनच बाहेर पडतात. बावीस वर्षे मी न चुकता वाकले होते. त्या सकाळी दिरांच्या हाकेकडे मान वळवून धावले, तेव्हा वाकले नव्हते. तेवढे मला लख्ख आठवले, वाशाचा आवाजसुद्धा. दीड महिना मी त्या जखमेवरून केस विंचरले होते. कोणी बघितले नव्हते आणि मीही नाही. मी देवळाच्या जमिनीवर बसून राहिले. देवीचा कोप म्हणून जे धरून बसले होते, तो वाशाचा मार होता.

कानात तोल सांभाळणारे बारीक कण असतात, माराने ते जागचे सुटून भलत्या नळीत गेलेत, त्यांना परत नेता येते, असे तिने सांगितले. चटई अंथरली, खांद्यांखाली येईल अशी घोंगडी घडी करून ठेवली. "फिरेल. पण डोळे मिटू नका आणि मान माझ्या हातांत सोडा." सोडणेच मला जमत नव्हते. शेवटी सोडली. उजवीकडे वळवून तिने मला मागे निजवले, आणि जे फिरणे मी दीड महिना टाळत होते ते पुरते अंगावर आले. तिचे हात हलले नाहीत. थांबल्यावर तिने मान डावीकडे फिरवली, मग मला डाव्या कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे केले, मग उठवून बसवले. पुन्हा एकदा तसेच. गुरव म्हणाला, "आमी पाकळी लावतो, ह्या तर माणूसच उजव्या-डाव्यान टाकता." माझ्या दिरांना त्या दिवसांत हसताना मी प्रथम बघितले.

मी उठून उभी राहिले. मान वर केली. देवी जागच्या जागी होती. तिच्या दोन्ही खांद्यांवर मात्र पाकळी नव्हती. सगळे माझ्याकडे बघत असताना त्या केव्हा पडल्या, आधी कुठली, कोणालाच सांगता येईना. दीर म्हणाले, परत लावूया. गुरवाने मान हलवली. "पाकळी पडताना कोणी बघूक नाय. पण ही उबी रवली ता सगळ्यांनी बघल्यानी. आता आणखी काय इचारतास?"

ती मुलगी अजून दोन दिवस घरी आली. अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायची, एका रेषेत पावले टाकत चालायचे, हे व्यायाम तिने शिकवले. ते मी सहा आठवडे केले, आणि तोल परत आला. कानाच्या डॉक्टरांनाही दाखवायला तिने सांगितले, तेही केले. ती त्याच दिवशी का आली, याचा मी शोध घेतलेला नाही. तिचे हात आणि देवीची कृपा वेगळी काढून बघावी, असेही मला वाटत नाही. शरण जाणे म्हणजे डोळे मिटून घेणे, असे मी समजत होते. त्या चटईवर मला ते उघड्या डोळ्यांनी करावे लागले.

देवळातून आल्यावर पहिल्याच रात्री मी अंथरुणावर उजव्या कुशीवर वळले. घर स्थिर होते. त्यांची ती बाजू रिकामी होती. तेव्हा मी रडले.

आता चक्कर येत नाही. यजमान नाहीत. माड आहे, त्याचे नारळ पाडेली काढतो, आणि मी खाली उभी राहून वर बघते.