माझ्या नावावरची भानामती

नवऱ्याला मी जन्मभर 'अहो' म्हणाले. इथं मात्र 'तो' लिहिणार आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर, रांगेत उभं राहून मिळायचं, तेही नशिबात असेल तर. भिंगारच्या आमच्या दोन खोल्यांत तिघं राहायचो. सासूबाई, तो आणि मी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो लष्कराच्या मोटारींच्या वर्कशॉपात 'कारकून' होता. सासूबाई ते गल्लीभर सांगत फिरायच्या.

आणि घरात कपड्यांना भोकं पडायला लागली. उंदरानं कुरतडलेली नव्हेत, विस्तवाची नव्हेत. धुणं आपटलं की हरभऱ्याएवढं भोक, पुढच्या धुण्याला शेजारी आणखी दोन. आधी माझं लुगडं गेलं, मग त्याचा सदरा, मग सासूबाईंचं चांगलं इरकली लुगडं.

"हिच्या हाताला काय काटं हायेत का?" सासूबाईंची इथून सुरुवात झाली. मग माझं माहेर निघालं. मी जामखेडकडची. "तिकडं भानामती लई. हिनंच संगं आनली." भानामती म्हणजे करणी, ती झाली की घरावर दगड पडतात, कपडे आपोआप जळतात, असं लोक मानायचे. भगत आला. त्यानं मला मिरच्यांच्या धुरीत बसवलं, वर पाच दिवस अळणी भाकरी. भोकं काही थांबेनात. शेवटी ठरलं, आणखी एक कपडा गेला की मला माहेरी पोचवायचं, कायमचं. माहेरी होतं कोण? आई कधीच गेलेली. बापानं दुसरी केली होती, आणि तिनं पाठवणीच्या वेळीच बजावलं होतं, "आता वळून बघू नगंस." मला जायला जागाच नव्हती हो! हे सगळं तो बघत होता. दोन वेळा जेवत होता, ढेकर देत होता.

मग मीच डोकं चालवलं. कामावरून आला की तो आपले कपडे स्वतः काढून धुण्याच्या ढिगात पार खाली दाबायचा. मला वाटायचं, केवढा शहाणा नवरा! एकदा त्याची ओलसर विजार उचलली, तर बोटाच्या चिरेत अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. मी जुन्या लुगड्याचे दोन तुकडे घेतले. एक त्या विजारीत गुंडाळला, एक खुंटीला लावला. दोन दिवसांनी दोन्ही धुतले. खुंटीवरचा धड राहिला. विजारीतला ओल्या पापडासारखा बोटाबरोबर फाटला.

रविवारी दुपारी मायलेक जेवायला बसलेले असताना मी ते तुकडे पुढ्यात टाकले. "अहो, काय लागतं तुमच्या कपड्यांना?"

तो ताटात बघून म्हणाला, "तेजाब. बॅटऱ्यांत भरतो आमी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मला धुरीत बसवलं तेव्हाही?"

तो आईकडे बघायला लागला. कारकून नव्हताच तो. "आईला कारकून म्हनून सांगितलं हुतं," एवढंच पुटपुटला. अरे, घामाचं काम होतं ते, त्याची लाज कसली? आणि लाज वाटलीच, तर ती माझ्या डोळ्यांत मिरची घालून झाकायची?

मला वाटलं, सासूबाई आता लेकाला फाडून खातील. त्या मलाच म्हणाल्या, "त्याचे कपडे येगळे धूत जा. आन ह्यातलं भायेर एक अक्षर बोलायचं न्हाई. लोक भानामती म्हनत्यात ना, म्हनू देत." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पण मला त्या घरात राहायचं होतं. मी तोंड शिवून घेतलं.

पुढच्याच महिन्यात शेजारी सत्यनारायण होता. आम्ही जोडीनं गेलो. शेजारीण दारात हळदीकुंकू लावत होती. मला पाहिलं आणि तिनं करंडा मागं घेतला. "तू हितंच थांब गं, आत तान्हं लेकरू हाय." तेवढ्यात आतून तिच्या नवऱ्यानं हाक दिली, "या या, कारकूनसाहेब, असे वर बसा!"

त्यानं चपला काढल्या, माझ्या शेजारून आत गेला आणि सतरंजीवर बसला.