ट्रंकमावशींच्या बोर्डावरची सात गावं

आमच्या इमारतीत खाली चष्म्याचं दुकान आहे आणि वर, पहिल्या मजल्यावर, त्या दुकानाची खरी मालकीण राहते. चष्मेवाले, म्हणजे तिचे यजमान, हे वाचून नाक मुरडतील, पण आख्ख्या गल्लीला ठाऊक असलेलं मी एकट्यानं लपवून काय होणार. मालकिणीला सगळे ट्रंकमावशी म्हणतात. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं त्यांनी परगावचे ट्रंक कॉल जोडले. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. या भोकातली दोरी त्या भोकात घातली की दोन माणसं बोलू लागायची. कोणाचं लग्न का मोडलं, कोणाचा जावई परगावी नेमकं काय करतो, सगळं या बाईच्या कानावरून गेलेलं. मी कित्येक वर्षं चहाच्या निमित्तानं खणतोय, अजून एक खडा हाती लागलेला नाही. एवढं पोटात ठेवून माणसाला अन्न कसं पचतं, हे मला कोडंच आहे.

गावांबद्दल मात्र मावशी भरभरून बोलायच्या. डोंगराकडची लाइन त्यांच्या वाट्याला होती. खिंडीपलीकडची सात गावं, पाहिलेलं एकही नाही. तळ्याच्या गावचा ऑपरेटर फोन उचलायचा तेव्हा मागे वल्ही पाण्यात पडत असायची. मेंढ्यांच्या गावी दुपारी चारला बोलणंच अशक्य, कळप ऑफिसच्या दारावरून जायचा. विणकरांच्या गावी माग खटखटायचे आणि तिथली बाई नंबर गाऊन सांगायची, सात आला की सूर वर. फळबागांच्या गावचा माणूस एका भाषेत चिडायचा आणि दुसऱ्या भाषेत माफी मागायचा. त्या मुलखात चार भाषा, त्यातली एकही मावशींना येत नाही, पण कुठल्या भाषेत माणूस थाप कशी मारतो ते आपल्याला कळतं म्हणायच्या. डोळे मिटून त्या हे सांगू लागल्या की पंखा फिरतोय की डोंगरावरून वारा सुटलाय, समजत नसे. चष्मेवाल्यांचा चहा निवायचा, आणि एरवी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा मीसुद्धा गप्प बसायचो.

सातवं गाव सगळ्यांत वर, रस्ता संपतो तिथे. तिथल्या ऑपरेटर बाईला आम्ही ‘वरची’ म्हणतो. ती दर वर्षी थंडी सरता सरता सांगायची की नदीवरचा बर्फ आता फुटणार. चार महिने गोठलेली नदी एका सकाळी तडकते आणि मग दिवसभर पात्रातून आवाज येत राहतो. कसा, ते तिला सांगता येत नसे. दोघींची बोली वेगळी, बोलणं चालायचं ते ऑफिसातल्या तोडक्यामोडक्या तिसऱ्याच भाषेत. एकदा तिनं रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. मावशींना कोणी कागद चुरगाळतंय असं ऐकू आलं, आणि त्यांनी तसं सांगूनही टाकलं. वरची हसली नाही. म्हणाली, “तारेतून नाही येणार तो. तू इथे ये, तुझ्या कानांनी ऐक.”

बोर्ड गेले, आपोआप कॉल जोडणारी यंत्रं आली, दोघी निवृत्त झाल्या. येते येते म्हणता मावशींना अडुसष्टावं लागलं. डावा कान, हेडफोनचा, केव्हाच गेला होता. उजव्याबद्दल कानाच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षाअखेरीला सांगितलं की अजून वर्षभर रेटेल, पुढे यंत्र लावावं लागेल. यंत्रातून भांडं पडलेलं आणि चिमणी बोललेली, दोन्ही एकाच जातीचं वाटतं, हे शेजारच्या आजोबांवरून मावशींनी पाहिलं होतं. त्या घरी आल्या, भाजी चिरायला बसल्या आणि चिरता चिरता म्हणाल्या, “अहो, यंदा जायचं.”

आता चष्मेवाल्यांनी लोकांना लांबचं दिसावं म्हणून जन्म घालवला, पण स्वतः कोपऱ्यावरच्या न्हाव्यापलीकडे जायला राजी नसतात. त्यांनी आधी गुडघे पुढे केले, मग दुकान, मग मोबाइल. तिथलं कोणी आवाज रेकॉर्ड करून पाठवील, घरी पाय पसरून ऐक, म्हणाले. मावशींनी वाद घातला नाही. डावा कान नवऱ्याकडे केला आणि भाजी चिरत राहिल्या. हा त्यांचा जुना इलाज. तिसऱ्या दिवशी दहा दिवस दुकान बंद ठेवायचं ठरलं.

मग आमच्या दुपारी फार छान गेल्या. मावशींनी एक वही केली. त्यात कुठे उतरायचं, काय बघायचं यातलं काही नव्हतं. होतं ते असं: पहाटे, तळं, वल्ही. दुपारी चार, मेंढ्या. सूर्य बुडताना, माग थांबतात तेव्हाची शांतता. बघता बघता आम्ही तिघं त्या खोलीत बसून निम्मा मुलूख फिरून आलो. चष्मेवाल्यांना तर एकदा तळ्यावर थंडी वाजली, त्यांनी खरोखरच मफलर मागितला.

चौथ्या दुपारी मावशींची नणंद नकाशा घेऊन आली. या बाई भूगोल शिकवत असत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोरच्याला बाकावर उभं करतील अशी नजर आहे. त्यांनी वहीतल्या क्रमानं नकाशावर टिंबं दिली आणि ती रेघांनी जोडली. रेघ डोंगर ओलांडून पलीकडे, परत अलीकडे, पुन्हा पलीकडे, गुंता झालेल्या लोकरीसारखी.

“वहिनी, मेंढ्यांनंतर विणकर कसे आले? मध्ये सबंध डोंगररांग आहे.”

“शेजारीच आहेत की वन्सं. दुसरं भोक आणि तिसरं भोक.”

एकतीस वर्षं मावशींचा हात एका बोटाएवढा सरकला की मेंढ्यांवरून विणकरांकडे पोचत होता. जमीनही तशीच असेल हे त्यांनी धरूनच चाललं होतं. चष्मेवाले इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मीही मागे राहिलो नाही. मावशी हसल्या, पण उशिरा, आणि नकाशाकडे अशा पाहत राहिल्या, जणू आपल्या पाठीमागे कोणी घरातलं सामान हलवून ठेवलंय.

नणंदबाईंनी दोन दिवसांत नवा बेत आखला. सहा गावं, दहा दिवस, गुडघ्यांना सोसेल असा. वरचं गाव त्यांनी गाळलं. ते वाटेवर नव्हतं, जायला दोन दिवस आणि यायला दोन. शिवाय बर्फ फुटायचा दिवस कोणाला सांगता येत नाही. मावशींनी वरचीला फोन लावून विचारलं. तीही म्हणाली की यंदा थंडी रेंगाळली आहे, वचन देणार नाही. सहा गावं पक्की, सातव्याचा भरवसा नाही. मलासुद्धा नणंदबाईंचं पटलं, आणि मला त्यांचं पटणं ही काही रोजची बाब नव्हे.

मावशींनी बेताचा कागद शेवटपर्यंत वाचला. मग पेन्सिल घेऊन सहाच्या सहा गावांवर काट मारली आणि खाली सातवं लिहिलं.

“हातातली सहा घालवताय, वहिनी.”

“ती मला ऐकू आलीत, वन्सं. तारेतून का होईना, माझ्यापर्यंत पोचली. एवढा एकच आवाज पोचला नाही.”

“आणि तुम्ही तिथे असेपर्यंत बर्फ नाही फुटला तर?”

“तर नदीकाठी बसून येईन. पुढच्या वर्षी फुटला तरी मला काय कळणार आहे?”

यावर नणंदबाईंनी नकाशाची घडी घालायला घेतली आणि ती तीनदा चुकली. चष्मेवाल्यांनी बहिणीला एवढंच विचारलं की वर लोकरीचे किती मोजे लागतील.

ते दोघं गेले. चौथ्या संध्याकाळी चष्मेवाल्यांचा फोन आला, नणंदबाई आणि मी दोन्ही बाजूंनी कान लावून. वरची म्हणजे एवढीशी म्हातारी निघाली. दोघी सकाळपासून नदीकाठी खुर्च्या टाकून बसतात, ती मावशींच्या उजव्या हाताला. बोलणं फार होत नाही. एकमेकींच्या तोंडाकडे बघत बोलायची सवय कुठे आहे दोघींना. स्वतः चष्मेवाल्यांनी निम्म्या गावाच्या चष्म्यांचे स्क्रू आवळून दिले होते आणि चारही भाषांत मान डोलवायला ते शिकले होते. बर्फ कसा आहे, विचारलं. म्हणाले, त्यावरून आत्ताच एक माणूस खेचर घेऊन गेला.

सातव्या दिवशीही तेच. नदी पांढरी, गप्प. परत निघायचं दुसऱ्या सकाळी. नणंदबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू बेत मीच आखला होता.

त्याच दुपारी पुन्हा फोन वाजला. मला वाटलं, फुटला. तसं काही नव्हतं. चष्मेवाल्यांनी परतीची तिकिटं पुढे ढकलली होती. मावशींनी सांगितलं म्हणून का, असं मी मुद्दाम विचारलं. नाही, म्हणाले, ती सामान बांधत होती, मी सोडायला लावलं.

“आणि दुकान?” मी म्हटलं. “आणि किती दिवस?”

“ते नदीला ठाऊक,” चष्मेवाले म्हणाले. “आणि तुम्ही जरा हळू बोला. इथे मोठ्यानं बोलायचं नाही असं आम्ही ठरवलंय.”