कचऱ्यात टाकलेला आकडा

कारखान्यात त्याला सगळे खटखट्या म्हणत. वरच्या खोलीत बसून तो दिवसभर कीबोर्ड बडवायचा. पत्रा कापणाऱ्या प्रेसचा कर्नल, म्हणजे मशीनच्या अगदी मुळाशी चालणारा प्रोग्राम, त्याने एकट्याने लिहिला होता. माणूस हुशार, पण घाईचा. आणि घाई कुणाची भली करते?

कीबोर्डवरची की दाबली की मशीनला अक्षर कळत नाही, नुसता आकडा येतो. तीस आला तर ते a, असा तक्ता खटखट्याने केला होता. पण बोट उचललं की आणखी एक आकडा येतो, त्याच्यात एकशे अठ्ठावीस मिळवून. तो तक्त्यात नव्हता, म्हणून पडद्यावर प्रत्येक अक्षरामागे भलत्याच चिन्हांची घाण उमटायची. मालक गिऱ्हाइकाला घेऊन जिन्यात पोचलेला. खटखट्याने एक ओळ ठोकली: एकशे सत्तावीसच्या वरचं सगळं फेकून द्या. पडदा लख्ख! मालकाने पाठ थोपटली आणि तोच प्रोग्राम प्रेसवर चढवला.

प्रेसचं पातं दोन्ही हातांनी दोन की दाबून धरल्या तरच खाली यायचं. एक सोडली की थांबायला हवं. मंगळवारी सकाळी, नव्या प्रोग्रामवरचा पहिलाच पत्रा कापताना, प्रेस चालवणाऱ्या पैलवानाने उजवी की सोडली आणि वाकडा पत्रा सरळ करायला हात आत घातला. की सोडल्याचा आकडा आला आणि कचऱ्यात गेला. मशीनच्या लेखी दोन्ही हात कीवरच होते. पातं आलं ते मनगटावर. पैलवानाची किंकाळी वरपर्यंत ऐकू आली.

त्याला दवाखान्यात नेलं आणि कामगारांनी वायरमनला धरलं. "तुझीच वायर ढिली, भडव्या!" लाथा, बुक्क्या, मग लोखंडी पाइप. वायरमन ओरडत होता, "आईशप्पथ, वायर ठीक आहे रे!" कोण ऐकतो!

वर खटखट्याला ती ओळ सापडली होती. दार लावून मालक म्हणाला, "पुसून टाक. वायरमनवर जातंय तर जाऊ दे. तुला बायकापोरं आहेत."

"त्याला नाहीत का?"

"तू गप बस."

आणि तो बसला की हो! खाली वायरमनचे दात पडत होते आणि हा कानांवर हात ठेवून बसला. चांगला अर्धा तास. मग वायरमनचा आरडाओरडा थांबला आणि नुसते पाइपाचे आवाज येऊ लागले, तेव्हा मेला की काय या भीतीने तो मालकाला ढकलून खाली धावला.

"सोडा त्याला! चूक माझी आहे. मशीनला की सोडलेली कळतच नव्हती. मीच तसं लिहिलं."

सगळे थिजले. वायरमन भिंतीला धरून कसाबसा उठला. एक डोळा मिटलेला, तोंडातून रक्त.

"कधी कळलं तुला?" त्याने विचारलं.

खटखट्याला खोटं बोलता आलं असतं. "अर्धा तास झाला," तो म्हणाला.

वायरमनने शेजाऱ्याच्या हातातला पाइप काढून घेतला. पहिला फटका त्यानेच हाणला.