लांबची आधी

त्याला सगळे अंडेवाले म्हणत. गाडीत आता अंडी नव्हती, बायकांच्या छातीची तपासणी करायचं सरकारी मशीन होतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. पूर्वी तो अंड्यांचा ट्रक चालवायचा आणि फुटक्या अंड्यांवरून त्याने कधी मालकाची बोलणी खाल्ली नव्हती. मशीनच्या गाडीसाठी ड्रायव्हर शोधत होते तेव्हा हीच त्याची पदवी ठरली. मशीन अंड्यांहून नाजूक. जास्त हादरे बसले की फोटो बिघडायचे. म्हणून गाडी मुक्कामी पोचली की टेक्निशियनबाई आधी एका प्लास्टिकच्या ठोकळ्याचा फोटो काढायच्या. तो नीट आला तरच बायकांना आत घ्यायचं, नाहीतर सगळ्या रांगेने घरी जायचं. तसं झालं की त्याला त्या दिवशी जेवण जात नसे.

गाडी सपाटीवरच्या गावांना जाई, डोंगरावरच्या नाही. का, तर रस्ता खराब. म्हणजे ज्यांना धड रस्ता दिला नाही त्यांना मशीनही द्यायचं नाही, असा हा सरळ हिशेब.

त्याची थोरली बहीण वरच राहायची, लोकांचे कपडे शिवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. एका सुट्टीत तो गेला, तेव्हा काजं करता करता तिने सहज सांगितलं, की छातीत डावीकडे गाठ लागतेय.

"ताई, उद्याच्या उद्या खाली चल. बाईंना सांगून तुझा नंबर लावतो."

"माझ्या एकटीचा? गाठी काय फक्त ड्रायव्हरच्या बहिणींनाच होतात? शेजारच्या मावशींना आहे, वरच्या वस्तीतल्या सुनेला आहे. गाडी वर आण, सगळ्याच दाखवू."

"साहेब नाही म्हणतील."

"विचारलंस?"

विचारलं नव्हतं. मग मात्र त्याने साहेबांचा पिच्छा पुरवला. साहेब माणूस वाईट नव्हते. "मशीन बिघडलं तर खालच्या बायकांनी कुठं जायचं? माझ्याकडे एकच गाडी आहे," असं म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अखेर कंटाळून त्यांनी एका फेरीची परवानगी दिली. अट एकच, अंधार पडायच्या आत घाट उतरायचा.

तो घाट त्याने असा चढला की मागच्या गाड्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. खड्डा दिसला की उतरायचं, दगड टाकून भरायचा, मग चाक पुढे. वर पोचायलाच दुपार झाली. बाईंनी ठोकळ्याचा फोटो घेतला तेव्हा तो दाराशी श्वास रोखून उभा होता.

"एकही फुटलं नाही हो, अंडेवाले," बाई आतून म्हणाल्या.

शाळेच्या पटांगणात बायका बसल्या होत्या. नियम त्यांनी आपसातच ठरवून टाकला होता: लांबची आधी. जिला चालत दूरच्या वस्तीवर परतायचंय ती पहिली, जवळची शेवटी. ना भांडण, ना ढकलाढकली. ताईचं घर शाळेला लागूनच, त्यामुळे ती सगळ्यांच्या मागे. शिवाय स्वतःच्या घरचं पाणी आणून बायकांना देत होती.

उन्हं कलली. ताईचा नंबर आला, तिने पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात पायवाटेने एक बाई धापा टाकत येताना दिसली. कडेवर पोर, पायांवर धूळ. सगळ्यात वरच्या वस्तीची. ताईने पाय मागे घेतला.

"ताई, आता एकीचाच वेळ आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"मग तिला घे. माझं घर इथंच आहे, मी काय पळून जातेय? पुढच्या फेरीला मी पहिली."

त्याने तिला हाताला धरून आत बसवायला हवं होतं. पण इतक्या बायकांसमोर स्वतःच्या बहिणीला पुढे काढायचं त्याच्या जिवावर आलं. त्या बाईचा फोटो झाला आणि त्याने गाडी खाली आणली.

मशीन धड परतलं म्हणून साहेबांनी आणखी एक फेरी ठरवली आणि पावसाने घाटाचा रस्ता वाहून गेला. रस्ता झाला तोवर साहेबांची बदली झाली, आणि नव्या साहेबांनी सरळ हात वर केले. फोनवर तो विनवायचा, खाली चल. ती म्हणायची, दुखत तर नाही, येईल गाडी. मग एक दिवस दुखायला लागलं, तेव्हा तो तिला थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथे तपासणी चटकन झाली. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत तसंच दुसरं मशीन, वर चादर घातलेली. जादाचं आहे, पहिलं बंद पडलं तर असावं म्हणून, असं आयाबाईने सांगितलं. संतापाने त्याने ते दार ओढून घेतलं.

डॉक्टर बराच वेळ फोटो बघत होते. गाठ आता काखेपर्यंत गेली होती.

"फार उशीर केलात हो, बाई," ते म्हणाले. "इतके दिवस काय करत होतात?"

"गाडीची वाट बघत होते," ताई म्हणाली.

"कुठल्या गाडीची?"

बाकावर बसलेल्या भावाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या," तो म्हणाला.