रेखाला विचारलं तेव्हा

काल मुलीच्या खरचटलेल्या गुडघ्याला डेटॉल लावलं. सतरा वर्षांची आहे, तरी रडली. त्या वासाबरोबर १९९१ सालचा धुळ्याचा दवाखाना आठवला. डॉक्टरीणबाईंनी गर्भपाताचे दोनशे रुपये सांगितले होते, ते माझ्या खिशात होते. बाकावर मी, माझी बायको सुमन, आमच्याकडे भांडी घासणाऱ्या कमलबाई आणि त्यांची मुलगी रेखा असे चौघं बसलो होतो.

रेखाही सतराचीच होती. तिला दुसरा महिना होता आणि नवरा तिला टाकून सुरतला निघून गेला होता. आईच्या अंगठ्याशिवाय डॉक्टरीणबाई काही करणार नव्हत्या, आणि कमलबाई ऐनवेळी अडून बसल्या. "लेकरू व्हयनं म्हनजे जवाई परत येई," त्या म्हणाल्या.

सुमनने विचारलं, "रेखा, तुला काय हवंय?" इतक्या दिवसांत ते कुणीच विचारलं नव्हतं.

रेखा आईकडे वळली. "माय, लेकरू काय तेले बलावानी चिठ्ठी शे? माले माय व्हवानं शे. पन आते मीच तुन्हा ताटमा जेवस."

आई व्हायचंय, पण स्वतःच आईच्या ताटात जेवतेय तोवर नाही, हे सांगताना तिचा आवाज जराही चढला नव्हता. तेव्हा ती मला मोठी बाई वाटली होती. काल मुलीचा गुडघा धरून बसलो तेव्हा कळलं, केवढी लहान होती ती. तरी आमच्यात सरळ बोलली ती एकटीच, याचा मला आजही अभिमान वाटतो.

कमलबाई उठून टेबलापाशी गेल्या. मग त्यांनी अंगठा दिला. मी खिशात हात घातला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. पोर मनी शे." आपल्या लेकीसाठी लुगड्याच्या गाठीतून काढलेले दोनशे रुपये त्यांनी स्वतः डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवले.