सीट कव्हरवाल्याचा जबाब

खून-दरोड्यांचे तपशील आता पुसट झाले, पण पाटल्यांची ती केस अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. सांगायला लागलो की आतून बायको ओरडते, "पुन्हा तीच?" हो, पुन्हा तीच. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या एका ठाण्यात होतो. पिंपळे सौदागरचे एक आप्पा नव्या कोऱ्या गाडीतून ठाण्याच्या दारात उतरले. मूळचे गावकरी, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, डोक्यावरची टोपी तेवढी राहिली. मागच्या सीटवरून त्यांची पत्नी उतरली, रडून डोळे सुजलेले.

"सायब, चोर आमी हुडकलाय. तुमी फकस्त आत टाका."

फिर्याद अशी. चाकणला लग्न होतं. परतताना हात सुजले म्हणून बाईंनी सासूच्या पाटल्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि मागच्या सीटवरच्या कंपनीच्या प्लास्टिकच्या आत, पार फटीत खोचल्या. घरी पोचल्यावर विसरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सीट कव्हरवाला व्हॅन घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला, कव्हरं चढवून गेला. दुपारी आठवण झाली तेव्हा फटीत काही नव्हतं.

"प्लास्टिक काढताना त्यालाच घावल्या," बाई म्हणाल्या. "दुसरं कोन?"

आप्पा त्याच वेळी खोकले. तो खोकला मी स्टेशन डायरीत नोंदवायला हवा होता.

संशयित लातूरकडचा, चाळिशीचा. व्हॅनमध्येच त्याचं दुकान: शिलाई मशीन, रेक्झिनचे रोल, फोम, गोंद. फोन केला की दारात येऊन गाडी आतून नवी करून द्यायचा. त्याची सगळी गिऱ्हाइकं सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची. आणि त्याच ग्रुपवर आप्पांनी त्याचा फोटो टाकला होता, खाली एकच शब्द: चोर. त्याच संध्याकाळी वाकडच्या एका वॉचमनने त्याची व्हॅन फाटकावरूनच परत पाठवली.

खबरही आली. आप्पांच्या सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "साहेब, काम झाल्यावर दार लावून अर्धा तास व्हॅनमध्ये बसला होता." आम्ही व्हॅन पार उसवून काढली. दाराआड तो डबा खात होता, एवढंच सिद्ध झालं.

मग चौकशी. माझा एक आवडता फास होता. माल कुठून गेला हे संशयिताला कधी सांगायचं नाही; तो स्वतःच्या तोंडाने बोलला की अडकला. दोन दिवस मी तो फास टाकून बसलो.

"मी काईच घेतलो न्हाई साहेब. पाहिजे तर मशीन फोडून बगा."

"सगळे असंच म्हणतात, भावा," आमचे हवालदार म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी कंटाळलो आणि माझं जुनं खोडकर कुतूहल जागं झालं. ढगळ कव्हर सीटला कातडीसारखं बसतं तरी कसं? चहा मागवला. म्हटलं, "सोनं राहू दे. काम कसं करतोस ते पहिल्यापासून सांग."

गडी खुलला! कप बाजूला ठेवून दोन्ही हातांनी बोलायला लागला. "आधी हेडरेस्ट काढायचा. मग प्लास्टिकवरनं हात फिरवून हवा काढायची, न्हाई तर कव्हरला पोक येतंय..."

"थांब. प्लास्टिकवरनं? ते काढलं नाहीस?"

त्याने मान खाली घातली. "मालक म्हणले, नव्या गाडीचं हाय, राहू दे आत. घरात बोलू नको म्हणून शब्द घेतले."

"मग दोन दिवस सांगितलं का नाहीस?"

"प्लास्टिकचं तुमी इचारलात कुटं?"

आप्पांना गाडीसकट बोलावलं. दोन पंच उभे केले. कारागिराने मागच्या सीटखालचे हूक सोडले, कव्हर वर घेतलं, प्लास्टिकमध्ये हात घातला. रुमाल तिथेच होता, पाटल्यांसकट.

बाईंनी पाटल्यांकडे पाहिलंच नाही. त्या प्लास्टिककडे पाहत होत्या. "काढलं म्हनला व्हता न्हवं तुमी?"

"सीट खराब झाली आसती गं... मला वाटलं, ह्यानं प्लास्टिकात हात घालूनच काढल्या."

"आन मी दोन दीस त्याच्यावर बसून या मानसाला शिव्या घातल्या!"

आप्पा पाटल्या घेऊन निघायच्या घाईत होते. म्हटलं, "थांबा. ज्या ग्रुपवर फोटो टाकलात, तिथेच आता बोला." त्यांनी माझ्यासमोर फोन तोंडाशी धरून व्हॉइस मेसेज टाकला. "ह्यो मानूस चोर न्हाई. चूक माजी हाय." कारागीर ऐकत उभा होता. हळूच म्हणाला, "साहेब, परत एकदा लावायला सांगा की."

आप्पांनी परत लावलं.

फास मी त्याच्यासाठी लावला होता, अडकलो मी. सोनं कुठे होतं हे बाईंना माहीत, प्लास्टिक आत आहे हे त्याला माहीत, आणि या दोन गोष्टींची गाठ मीच पडू दिली नाही. पुढे निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक संशयिताला आधी त्याचं काम विचारलं. माणूस बाकी काहीही लपवेल. आपलं कसब सांगताना त्याला हात आखडता घेता येत नाही.

निवृत्त झाल्यावर गाडी घेतली. कव्हरं बसवायला अर्थात त्यालाच बोलावलं. व्हॅन आता दुसरी, मोठी. त्याने पहिल्याच सीटवर हात ठेवला आणि गालात हसला. "साहेब, प्लास्टिक ठेवू का काढू?"

म्हटलं, "काढ. पण थांब, आधी घरात विचारून येतो, आत काही ठेवलंय का."